जिंकत आलेला डाव

सिव्हिलायझेशनचा डाव मी जिंकायला लागलो की मला तो नकोसा होतो. हरत असलो तर मात्र रात्रीचे दोन वाजले तरी खुर्चीतून उठवत नाही. बायकोच्या मते दोष गेमचा नाही, माझ्या स्वभावाचा आहे. माळा आवरायलाही मी मोठ्या उत्साहाने काढतो आणि शेवटचे दोन खोके दिवाळीपर्यंत हॉलमध्ये पडून असतात. असेलही. पण स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सुरू केलेले डाव किती आणि शेवटाला नेलेले किती, तो उत्तर द्यायच्या आधी हसतो. गेम बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. फिरॅक्सिसने २०२५च्या फेब्रुवारीत सिव्हिलायझेशनचा सातवा भाग आणताना रचना मुळापासून बदलली, आणि त्यामागचं एक कारण त्यांनी उघडपणे सांगितलं होतं: बहुतेक लोक डाव पुरा करतच नाहीत.

ज्यांनी हे गेम कधी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला हातात वसाहत करणारी एक टोळी, बाकी सगळा नकाशा झाकलेला. पहिलं शहर नदीकाठी वसवायचं की डोंगराच्या आडोशाला, शेजारी भला आहे की भांडखोर, घोडे कुठे मिळतील, काहीच माहीत नसतं. एक चूक पुढचे पन्नास टर्न, म्हणजे पन्नास पाळ्या, छळते. हे पहिले दोन-तीन तास इतके चविष्ट असतात की ‘अजून एक टर्न’ म्हणता म्हणता दूधवाला येतो. मग नकाशा उघडून होतो, एखादा शेजारी गिळून होतो, आणि पारडं झुकतं. तुमची शहरं जास्त म्हणून विज्ञान पुढे, विज्ञान पुढे म्हणून तोफा आधी, तोफा आधी म्हणून आणखी शहरं. निकाल तिथेच लागलेला असतो. फक्त तो जाहीर व्हायला अजून दोनेकशे टर्न बाकी असतात.

या उरलेल्या टर्नमध्ये माणूस करतो काय? सहाव्या भागाच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९च्या पुरवणीत विज्ञानाच्या वाटेने जिंकायचं तर आधी उपग्रह सोडायचा, मग चंद्र, मग मंगळ, आणि शेवटी परक्या ग्रहाकडे एक यान. त्या यानाला पन्नास प्रकाशवर्षं कापायची असतात, टर्नला एक या हिशेबाने. लेझर स्टेशनं बांधली तर वेग वाढतो, पण वाट बघणं काही सुटत नाही. तोवर हेर येऊन सांगतो, आधीचं काम झालं, नवीन द्या. एक कारागीर शेताच्या बांधावर उभा आहे. कुठलं तरी शहर विचारतंय, पुढे काय बांधू? गटार, नाट्यगृह, विमानतळ, काहीही बांध बाबा, आता काय फरक पडतोय. एका टुंड्रातल्या टेकडीवर मी गुहामानवांच्या काळात उभा केलेला पहारेकरी सापडतो. जगात अणुबॉम्ब आले तरी त्याच्या हातात सोटाच आहे. सुरुवातीला दर टर्नला एकच निर्णय असायचा आणि तो महत्त्वाचा असायचा. आता चाळीस आहेत आणि एकही नाही. सरकारी कचेरीत शुक्रवारी संध्याकाळी फायलींवर सह्या होतात, तितकंच मन लावून हे चालतं.

कॉलेजच्या काळात मात्र हा कंटाळा कधी आला नव्हता. तेव्हा फर्ग्युसन रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही लॅनवर ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळायचो. समोरच्या संगणकावर माणूस असायचा, आणि माणसाला कळतं आपण संपलो ते. तो ‘जीजी’ (गुड गेम, म्हणजे हरलो बुवा) असं टाइप करायचा, दोन शिव्या द्यायचा आणि चहा प्यायला उठायचा. गुरुवारी वीज गेली तर निकालही लागायचा नाही, आणि हरत असलेला तर बेहद्द खूश. संगणकाला ना लाज ना चहाची तलफ. तो शेवटच्या झोपडीपर्यंत लढतो, आणि ती झोपडी नकाशाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधत तुम्ही हिंडत बसता.

पण त्याच गेममध्ये एक गोष्ट अशी आहे की ती मला आजही अभ्यासण्यासारखी वाटते. तिथे सोनं संपतं. नकाशावर सोन्याच्या खाणी मोजक्याच असतात. डाव लांबला की त्या रिकाम्या होतात. बाजारात धान्य-लाकूड विकून सोनं मिळतं, पण विकाल तसा भाव पडत जातो. मठात ठेवलेले पवित्र अवशेष थोडं थोडं सोनं देत राहतात, सांघिक डावात मित्राच्या बाजाराशी गाड्या लावून व्यापार करता येतो. एकास एक लढतीत मात्र एक वेळ अशी येते की तुमचे भारदस्त शिलेदार पुन्हा उभे करता येत नाहीत. मग उरतात ते नुसत्या धान्य-लाकडावर निघणारे: भालेवाले, भाला फेकणारे आणि हलके घोडेस्वार. खेळणारे या अवस्थेला सरळ ‘ट्रॅश वॉर’, कचऱ्याची लढाई, म्हणतात. तासभर ज्या नगाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तो आता राजा. भालेवाला घोड्याला मारतो, घोडेस्वार भाला फेकणाऱ्याला, भाला फेकणारा भालेवाल्याला. पुढे असलेल्याची मिजास उतरते, कारण ज्याच्या जोरावर तो पुढे होता तेच आता मिळत नाही. १९९९ सालचा गेम आहे हा. आजही स्पर्धांमधल्या अशा लांबलेल्या लढती लोक रात्र रात्र जागून पाहतात.

बुद्धिबळात हे शेकडो वर्षं चालत आलंय. डावभर कोपऱ्यात लपवून ठेवलेला राजा अखेरीला पटाच्या मध्यावर येऊन लढतो, आणि ज्या प्याद्याचा बळी द्यायला सुरुवातीला कुणी मागेपुढे पाहत नाही त्याच्या एकेका घरासाठी घाम फुटतो. जगज्जेता कापाब्लांका तर शिकणाऱ्याला आधी अखेरच शिका म्हणायचा. पट तोच, मोहरी तीच, खेळ निराळा. स्ट्रॅटेजी गेममध्ये तसं होत नाही. तिथे अखेर म्हणजे मध्यखेळच, पण जास्त सैन्यानिशी.

बनवणाऱ्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. ‘शोगुन टू’मध्ये (२०११) तुमचं नाव फार झालं किंवा तुम्ही क्योटो घेतलं की अख्खा जपान तुमच्यावर उलटतो. कल्पना जबरदस्त. पहिल्यांदा घडतं तेव्हा अंगावर काटा येतो. दुसऱ्या डावात मात्र ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक जपली तोही पाठीत सुरा खुपसतो, तेव्हा कळतं की ही माणसं उलटत नाहीत, एक आकडा ओलांडला गेलाय. मग शहाणा खेळाडू मैत्री करणंच सोडून देतो. ‘स्टेलारिस’मध्ये (२०१६) डाव २२०० साली सुरू होतो आणि साधारण २४००नंतर आकाशगंगेवर अरिष्ट कोसळतं: दुसऱ्या मितीतून आलेले जीव, सगळं गिळत सुटलेली झुंड, नाहीतर जागी झालेली यंत्रं. शत्रू मोठा, संगीत भव्य. प्रश्न मात्र तोच राहतो, जहाजं किती आहेत? ज्याच्याकडे आधीच भरपूर होती त्याला ती वापरायला एक जागा मिळते, इतकंच. ‘ओल्ड वर्ल्ड’ने (२०२१) वेगळीकडून हात घातला. तिथे दर टर्नला हुकूम मोजकेच देता येतात, त्यामुळे राज्य वाढलं तरी प्रत्येकाला हलवता येत नाही, कुणाला हलवायचं हे निवडावं लागतं. फायलींवरच्या सह्या त्याने खरोखर कमी केल्या, आणि या सगळ्या उपायांत मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आणि तो सातवा सिव्हिलायझेशन. त्यांनी डावाचे तीन युगांत तुकडे केले. प्रत्येक युगाच्या शेवटी संकट, मग पुष्कळसं पुसून नवी संस्कृती घेऊन पुढे. लोक भडकले. माझं मत अर्धंमुर्धं आहे. पुढे गेलेल्याला मागे खेचून शर्यत पुन्हा रंगवता येते, पण आपण धावलो कशाला हा प्रश्न मनात राहतोच.

या सगळ्यांत माझ्या मते एक गोष्ट कुणी नीट धरलेली नाही. सगळे जिंकणाऱ्याचं काय करायचं याच्या मागे आहेत: त्याला अडवा, त्याच्यावर राक्षस सोडा, त्याचा डाव लवकर संपवा. हरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. हरणारा शेवटपर्यंत तोच खेळ खेळत राहतो, फक्त वाईट खेळतो. अखेर कंटाळवाणी होते ती त्याच्यामुळे.

हे मला सुचलं त्याचं श्रेय आमच्या गॅलरीला. आम्ही धायरीला राहतो. गॅलरीतून सिंहगड दिसतो, टीव्ही टॉवरसकट. (रविवारी वर जाणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की वेढा अजून उठलेला नाही असंच वाटतं.) या गडाच्या पायथ्याशी इतिहासातला एक प्रचंड मोठा जिंकत आलेला डाव अडकून पडला होता.

औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला. १६८६ला विजापूर घेतलं, १६८७ला गोवळकोंडा. १६८९च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी राजधानी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगा शाहू कैदेत गेले. आता हा डाव कुठल्याही गेममध्ये टाकून पाहा. राजा मेला, राजधानी गेली, वारस ताब्यात, दोन्ही मोठे शेजारी आधीच खालसा. पडद्यावर विजयाचं चित्र येऊन तुतारी वाजायला हवी. प्रत्यक्षात बादशहा त्यानंतर अठरा वर्षं इथेच होता. दिल्लीला परत गेलाच नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगारला तंबूत वारला.

त्या अठरा वर्षांत समोरच्यांनी काय केलं ते गेम बनवणाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखं आहे. राजाराममहाराज निसटून थेट जिंजीला गेले, म्हणजे राजधानीच उचलून कित्येक मुलूख ओलांडून तमिळ प्रदेशात नेली. बादशहाच्या फौजेला तो किल्ला घ्यायला १६९८ उजाडलं, आणि तोवर राजा तिथूनही निघून आला होता. संताजी-धनाजी समोरासमोरच्या लढाईपेक्षा रसद आणि तळ यांच्यामागे लागले. सरदारांना वतनं दिली गेली ती कुठल्या मुलखातली? शत्रूच्या ताब्यातल्या! जा, सोडव आणि खा. तिजोरीत काही नसताना सैन्य उभं करायची याहून नामी युक्ती मला तरी माहीत नाही. १७०० साली राजाराममहाराज सिंहगडावर वारले, तरी ताराबाईंनी कारभार हातात घेतला आणि काम थांबलं नाही. म्हातारा बादशहा स्वतः गडागडांखाली फिरायला लागला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड. १७०३ साली सिंहगड, तोही किल्लेदाराला पैसे चारून. त्याच वर्षी पुण्यात छावणी पडली आणि शहराचं नाव मुहियाबाद झालं. मग राजगड, तोरणा. गड महिनोन्‌महिने लढवायचा, पावसाळा तोंडावर आला की चांगली रक्कम घेऊन सोडायचा, बादशहा पुढे सरकला की मागून परत घ्यायला लागायचं. नकाशावर बघाल तर मुघल सल्तनत याच काळात सर्वांत मोठी होती.

जिंकणाऱ्याचा खेळही इथे बदलला, हे तितकंच महत्त्वाचं. त्याची अडचण गड घेण्याची नव्हती. गड ठेवायचे कसे, नव्याने येऊन मिळालेल्या दख्खनी सरदारांना जहागिरी कुठल्या द्यायच्या, आणि आपण इकडे असताना आग्र्याकडे जाटांनी डोकं वर काढलंय त्याचं काय, ही होती.

एंडगेम, म्हणजे डावाची अखेर, असा हवा. एका बाजूला सगळं असून ते आवरत नाही, दुसऱ्या बाजूला काही नाही पण गमावण्यासारखंही काही नाही, आणि दोघांचे नियम वेगळे. हे अशक्य नाही. ‘एआय वॉर’ (२००९) सुरूच होतो तो जवळजवळ सगळी आकाशगंगा संगणकाच्या ताब्यात असताना. तुम्ही ग्रह घ्याल तसं त्याचं तुमच्याकडे लक्ष वाढतं, म्हणून कुठला ग्रह घ्यायचा नाही हे ठरवण्यातच सगळी गंमत. ‘एक्सकॉम टू’ (२०१६) तर आधीच्या भागात तुम्ही हरलात असं धरून चालतो आणि तुम्हाला भूमिगत करतो. ‘रूट’ (२०१८) या बोर्ड गेममध्ये शेजारी शेजारी बसलेले लोक वेगवेगळ्या नियमांनी खेळतात. एकाकडे सैन्य आणि कारखाने, दुसऱ्याकडे नुसते सहानुभूतीदार. पण हे सगळे पहिल्या चालीपासूनच तसे आहेत. सरळ सुरू झालेला डाव मध्येच असा पालटतो, ते कुठे दिसत नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’मध्ये बंडखोर येतात, पण ते नुसते उगवतात. एक पट्टी भरते, शेतात फौज उभी राहते, तुम्ही जवळची पलटण पाठवता, संपलं. त्या बंडखोरांना डोकं नाही, रसद मारायचं सुचत नाही, पावसाळ्याची वाट बघता येत नाही.

डोकं हवं तर माणूस हवा. म्हणून माझी साधी मागणी आहे: मी जिंकलो हे गेमला कळलं की त्याने मला उठवून समोरच्या खुर्चीत बसवावं. माझंच साम्राज्य, माझेच रस्ते, माझ्याच तटबंद्या, आणि मी त्यांच्याविरुद्ध.

‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागात (२०१३) याची अर्धी सोय आहेच. एखादं मांडलिक राज्य मोकळं करून स्वतः त्या राज्याकडून पुढे खेळता येतं. तैमुरी घराण्यापासून सुरुवात करून मुघल झालेला आणि मग सवयीप्रमाणे सोडून दिलेला एक डाव माझ्याकडे पडून होता. सह्याद्रीतली एक चिंचोळी पट्टी मोकळी केली. आणि समोर संगणक नको म्हणून नाशिकला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला बादशहा केलं; सेव्ह केलेला डाव दोघांत उघडता येतो. तो भलताच खूश. आयतं साम्राज्य मिळालं होतं.

स्वातंत्र्य पुकारलं आणि आधी मलाच नडले ते मीच घाटमाथ्यावर बांधलेले किल्ले. या गेममध्ये शत्रूच्या किल्ल्याच्या आसपास फौज मोकळी हलवता येत नाही. किती निगुतीने बांधले होते मी ते! मग स्वतःचाच मुलूख जाळला, म्हणजे येणाऱ्या फौजेला दाणापाणी मिळू नये. भाचा भली मोठी फौज घेऊन डोंगरात शिरला आणि ती लढाईविना झिजायला लागली. झीज थांबवायला त्याने फौजेचे तुकडे केले. मी एकट्या पडलेल्या तुकड्यावर पडायचो आणि दुसरा यायच्या आत पसार. तिकडे युद्ध लांबलं म्हणून बंगालमध्ये बंड, खजिन्यावर कर्ज. हेडफोनमधून त्याचा आवाज यायचा, “मामा, तू समोर येऊन लढ ना एकदा!” इतकं समाधान मला कुठल्याही अवकाशयानाने दिलेलं नाही.

पण गेमने शेवटी दगा दिलाच. माझा शेवटचा किल्ला पडला आणि त्याच्या लेखी मी संपलो. जिंजीला जायची सोय नाही. म्हणून आम्ही घरचा नियम केला: शेवटचा किल्ला पडला की डाव सेव्ह करायचा, बंद करायचा, पुन्हा उघडताना मी दक्षिणेतलं एखादं उरलंसुरलं राज्य घ्यायचं आणि तिथून चालू. हा नियम भाच्याने कुरकुरत मान्य केला.

अडलंय ते शेवटावर. गेम १८२१ला संपतो, तोवर तू उरलास तर तू जिंकलास, असं भाच्याचं म्हणणं. मी म्हणतो, एवढं कशाला, आजचा बादशहा मरेपर्यंत. “मग तू नुसता लपून बसशील,” तो म्हणाला. त्यावर मी अट घातली की बादशहा मरेल त्या दिवशी मूळच्या पट्टीतला निदान एक किल्ला माझ्याकडे हवा. त्याला दोन हवेत, आणि त्यातला एक त्याने पैसे देऊन घेतलेला असला पाहिजे. पैसे घेऊन किल्ला सोडायची सोय गेममध्ये कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, “तू सोड, मी तुला जीपे करतो.”